बेन्नूचा नकाशा पहिल्यांदा उघडताना

बेन्नू या लघुग्रहावरची नावं पाठ करत बसू नकोस. आधी नावाची शेपटी, म्हणजे शेवटचा शब्द वाच. ‘सॅक्सम’ म्हणजे लॅटिनमध्ये दगड, म्हणून ‘रॉक सॅक्सम’ हा एक खडक झाला (यातला ‘रॉक’ म्हणजे दगड नव्हे, कथांमधला एक पक्षी). आणि कसला खडक! ९५ मीटर लांबीचा, आणि अख्खा बेन्नूच जेमतेम ४९० मीटर रुंद. ‘रेजिओ’ म्हणजे एखादा भाग, मुलूख म्हण हवं तर.

नावं पुराणकथांतल्या पक्ष्यांची आहेत, कारण बेन्नू हाच मुळात इजिप्तच्या कथांमधला पक्षी. ‘सीमुर्ग’ नावाचा दगड आधी शोध: रेखांश तिथून मोजतात. मग ‘हुगिन’ आणि ‘मुनिन’, ओडिनचे दोन कावळे, एकमेकांना खेटून बसलेले दगड. ते सापडले की नकाशा ओळखीचा वाटायला लागतो.

‘नाइटिंगेल’ या जागेचं नाव मात्र मोहिमेतल्या लोकांनी ठेवलेलं. २० ऑक्टोबर २०२० ला त्या मोहिमेच्या यानाने, नासाच्या ओसायरिस-रेक्सने, तिथूनच माती उचलली. अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या यादीत असतात. टिपणात दोन्ही वेगळी लिही, नाहीतर पुढे गोंधळ ठरलेला.

आणखी एक. फोटोत उजेड कुठून येतोय ते आधी बघ. मी सुरुवातीला एका विवराला तासभर टेकडी समजून बसलो होतो, फोटो उलटा फिरवला तेव्हा खड्डा दिसला.

इथं हात बसला की रयुगू या दुसऱ्या लघुग्रहाकडे वळ. तिथं ‘ओतोहिमे’ आहे, ‘सिंड्रेला’ आहे, सगळी गोष्टींतली मंडळी.