बीपी 160 असताना नाडी मंद का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं बीपी 160/95 आणि नाडी 84. बीपी वाढलं की हृदयाचे ठोके कमी होतात असं पुस्तकात वाचलंय, मग इथे का नाही झाले?

मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला हाच विषय शिकवते आणि मुलंही नेमकी इथेच अडखळतात. पुस्तकातला नियम खरा आहे. मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो 1859 मध्येच मांडला होता. पण तो अचानक झालेल्या बदलापुरता. जबड्याच्या कोनाखाली मानेतली मोठी धमनी दोन फाट्यांत फुटते. तिथे आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारे बॅरोरिसेप्टर असतात. दाब वाढून भिंत ताणली गेली की मेंदूच्या तळाशी असलेल्या मेड्युलाला वर्दी जाते, व्हेगस नर्व्ह हृदयाला आवर घालते आणि पुढच्या एक-दोन ठोक्यांतच नाडी मंदावते.

दाब चढलेलाच राहिला तर? काही दिवसांत हे बॅरोरिसेप्टर त्या दाबालाच नॉर्मल धरतात. वडिलांच्या शरीराच्या हिशेबी 160 मध्ये तक्रार करण्यासारखं काही उरलेलंच नाही. त्यात वयाने आणि बीपीने धमनी कडक झालेली. ती ताणलीच जात नाही, मग वर्दी कसली देणार?

1973 मध्ये अमेरिकेत, मिसिसिपीत, शरीरक्रियाशास्त्रज्ञ गायटन यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांमधल्या, बॅरोरिसेप्टरची वर्दी मेंदूकडे नेणाऱ्या नसा कापून पाहिल्या. दिवसभराची सरासरी फारशी बदलली नाही, पण दाब सतत हेलकावे खात राहिला. थोडक्यात, बॅरोरिसेप्टरचं हे रिफ्लेक्स (शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया) क्षणाक्षणाचे धक्के सांभाळतं. सरासरी कुठे राहायची ते मुख्यतः किडनीच्या हातात.

म्हणून नाडीवरून बीपीचा अंदाज बांधूच नका. बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी गोळीनेच मंद झालेली असते. उलट रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या काही गोळ्यांनी दाब पटकन उतरला, की रिफ्लेक्स जुन्या आकड्यासाठी भांडतं आणि छातीत धडधडतं. लोक वैतागून गोळीच बंद करतात, ते मात्र करू नका. डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा गोळी बदलतील. (डोक्याला मार लागल्यावर बीपी चढतंय आणि नाडी मंदावतेय, तर ते प्रकरण वेगळं. तडक हॉस्पिटल गाठा.)

रिफ्लेक्स बोथट झाल्याचा खरा त्रास उभं राहताना होतो. उठलं की अर्धा लिटरच्या वर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. ते वेळेत सावरलं नाही तर डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हातारी माणसं पहाटे बाथरूमला जाताना पडतात. घरी मशीन आहेच, तर वडिलांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला परत घ्या. शेजारी कुणीतरी धरायला असू द्या. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर ते आकडे लिहून पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना दाखवा.