ओपन सोर्स डीएचसीपी क्लायंट लायब्ररी लिहिणं आणि सांभाळणं कितपत अवघड आहे?

तुम्ही विचारलंय की डीएचसीपीत (नेटवर्कावर यंत्राला आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) मोजून चार संदेश असतात, मग स्वतःची क्लायंट लायब्ररी लिहून ती ओपन सोर्स म्हणून चालवायला कितीसं काम पडेल, आणि सुरुवात कुठून करावी. मी सी भाषेतली अशीच एक छोटी लायब्ररी बरीच वर्षं सांभाळतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

चार संदेश ही गोष्ट खरी आहे: डिस्कव्हर (क्लायंट सर्व्हर शोधतो), ऑफर (सर्व्हर पत्ता देऊ करतो), रिक्वेस्ट (क्लायंट तो मागतो), अ‍ॅक. अ‍ॅक म्हणजे सर्व्हरचा अंतिम होकार. सॉकेट प्रोग्रामिंग येत असेल तर एका सुट्टीत तुमचा कोड राउटरकडून पत्ता मिळवून दाखवेल. तो पत्ता पुढे दिवसेंदिवस टिकवणं, लॅपटॉप झोपून उठला तरी, सर्व्हर गायब झाला तरी, केबल दुसऱ्या नेटवर्कात लागली तरी बरोबर वागणं, हे खरं काम. माझा अंदाज विचाराल तर नव्वद टक्के कष्ट पहिल्या अ‍ॅकनंतर सुरू होतात.

आधी मूळ दस्तऐवज वाचा. आरएफसी (इंटरनेटच्या प्रोटोकॉलचे नियम सांगणारा क्रमांकित दस्तऐवज) २१३१, मार्च १९९७, राल्फ ड्रोम्स यांचा. त्यासोबत पर्यायांची (संदेशात जोडायच्या माहितीच्या क्रमांकित तुकड्यांची) यादी देणारा २१३२. पॅकेटचा साचा १९८५ च्या बूटपी या जुन्या प्रोटोकॉलकडून जसाच्या तसा आलाय: २३६ बाइटचा ठरीव भाग, त्यानंतर ९९.१३०.८३.९९ ही चार बाइटची मॅजिक कुकी (पुढे पर्याय आहेत हे सांगणारी ठरीव खूण), आणि मग पर्याय. २१३१ मधला तक्ता ४ छापून समोर लावा. रिक्वेस्ट हा एकच संदेश चार वेगवेगळ्या अवस्थांमधून जातो आणि दर वेळी त्यातली क्षेत्रं वेगळी भरायची असतात. ऑफर निवडताना सर्व्हरची ओळख (पर्याय ५४) आणि मागितलेला पत्ता (पर्याय ५०) दोन्ही हवेत. मशीन रीबूट होऊन जुनाच पत्ता पुन्हा मागताना ५० हवा, ५४ नको. नूतनीकरणात दोन्ही नकोत, पत्ता सीआयअ‍ॅडर या क्षेत्रात जातो. यात गफलत झाली तर काही सर्व्हर चालवून घेतात आणि काही तोंडातून शब्द काढत नाहीत. पहिल्या प्रकारचा सर्व्हर तुमच्या टेबलावर असेल तर चूक कळतच नाही.

आता वेळ. लायब्ररीत सर्वांत जास्त विचार मी कशावर केला असेल तर यावर. लीजची, म्हणजे पत्ता ठरावीक काळ वापरायच्या परवान्याची, निम्मी मुदत सरली की टी१, तेव्हा ज्या सर्व्हरने पत्ता दिला त्यालाच थेट नूतनीकरण मागायचं. ८७.५ टक्के सरली की टी२, तेव्हा जो ऐकेल त्याला, म्हणजे ब्रॉडकास्ट करून. मुदत संपली की पत्ता ताबडतोब सोडायचा. वाचायला सोपं आहे, पण मुदत मोजायची कधीपासून? अ‍ॅक हातात पडल्यापासून नाही, ज्या रिक्वेस्टला तो अ‍ॅक आला ती पाठवल्यापासून. म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टची वेळ जपून ठेवावी लागते. आणि मोजायची कोणत्या घड्याळावर? भिंतीवरचं घड्याळ, म्हणजे यंत्राची रोजची तारीख-वेळ, एनटीपी (नेटवर्कावरून वेळ जुळवणारा प्रोटोकॉल) मागेपुढे सरकवतं, ते बाद. लिनक्सवर मोनोटॉनिक (कधी मागे न जाणारं) घड्याळ झोपेच्या काळात थांबतं, त्यामुळे रात्रभर मिटून ठेवलेला लॅपटॉप सकाळी उघडला की क्लायंटच्या हिशेबाने लीज ताजी असते आणि सर्व्हरने तो पत्ता दुसऱ्याला देऊन टाकलेला असतो. झोपेचा काळ धरणारं बूटटाइम घड्याळ त्यासाठीच आहे. लीज सेकंदांत, ३२ बिटांत येते आणि सगळे बिट एक असले तर ती अमर्याद. हा आकडा मिलीसेकंदांत बदलताना ६४ बिटांचा प्रकार वापरला नाही तर टायमर लगेच वाजतो आणि क्लायंट सर्व्हरवर अखंड भडिमार सुरू करतो.

फेरप्रयत्नांचं वेळापत्रकही तितकंच जपा. ४ सेकंद, मग ८, १६, असं दुप्पट करत ६४ पर्यंत, आणि प्रत्येक वेळी एक सेकंद इकडेतिकडे यादृच्छिक. हा यादृच्छिकपणा शोभेचा वाटतो, म्हणून लोक काढून टाकतात. वीज जाऊन आल्यावर एका इमारतीतली सगळी यंत्रं एकाच क्षणी जागी होतात, तेव्हा तो नसेल तर सगळी एकाच तालात सर्व्हरवर आदळत राहतात. नूतनीकरणाच्या अवस्थेत नियम वेगळा: टी२ पर्यंत उरलेल्या वेळाच्या निम्मं थांबायचं, पण ६० सेकंदांच्या खाली जायचं नाही.

सॉकेटचा भाग किचकट आहे, पण एकदाच करावा लागतो. अजून पत्ताच नाही, म्हणून साधा यूडीपी सॉकेट पुरत नाही. लिनक्सवर पॅकेट सॉकेट उघडून आयपी आणि यूडीपीचे हेडर, चेकसमसकट (पॅकेट बिघडलं नाही ना हे तपासायचा आकडा), स्वतः बांधावे लागतात. इथला एक सापळा सांगतो, कारण त्यात माणसं दिवस घालवतात. सर्व्हर आणि क्लायंट एकाच यंत्रावरच्या आभासी मशीनमध्ये असतील तर पॅकेट प्रत्यक्ष कार्डापर्यंत जातच नाही, म्हणून चेकसम अर्धवटच राहतो. तुमचा कोड तो तपासतो, चुकीचा ठरवतो आणि चांगली ऑफर फेकून देतो. कर्नल पॅकेटसोबत जोडमाहिती देतो, त्यात 'चेकसम अजून तयार नाही' असा एक झेंडा असतो. तो बघा आणि त्या पॅकेटपुरती तपासणी सोडा. आणखी एक: काही जुने सर्व्हर आणि रिले (दुसऱ्या नेटवर्कावरच्या सर्व्हरकडे संदेश पोचवणारे) ३०० बाइटपेक्षा लहान संदेश टाकून देतात, हा बूटपीचा वारसा. शेवटी शून्य भरून लांबी ३०० करा, विषय संपला.

पार्सरबद्दल, म्हणजे आलेले बाइट वाचून अर्थ लावणाऱ्या कोडबद्दल, मात्र थोडं कठोर बोलतो. डीएचसीपीत व्यवहारात कोणाचीही ओळख पडताळली जात नाही. त्याच नेटवर्कावर बसलेला कोणीही सर्व्हर असल्याची बतावणी करू शकतो, आणि तुमची लायब्ररी बहुधा रूटच्या किंवा तशाच वरच्या अधिकारात चालते. २०१४ मध्ये बॅशमधला शेलशॉक हा सुरक्षादोष सापडला तेव्हा त्याचा एक मार्ग डीएचसीपीतूनच जात होता, कारण सर्व्हरने पाठवलेली अक्षरं क्लायंट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घालून बॅश स्क्रिप्टला देत असे. २०१८ मध्ये रेड हॅटच्या लिनक्समधल्या अशाच एका स्क्रिप्टमधून सर्व्हरला रूटने आज्ञा चालवता येत होत्या. म्हणून माझं ठाम मत आहे की लायब्ररीने बाहेर कच्ची अक्षरं देऊच नयेत. पत्ता हवा तर पत्त्याच्या प्रकारात द्या, डोमेनचं नाव नियमांत बसलं तरच द्या, नाहीतर तो पर्याय आलाच नाही असं समजा.

पर्याय १२१ हे उत्तम उदाहरण आहे. त्यातून सर्व्हर मार्ग पाठवतो, नेमका नियम आरएफसी ३४४२ मध्ये आहे. प्रीफिक्सची लांबी (पत्त्याचे किती बिट जाळ्याचे) एका बाइटात, मग पत्त्याचे फक्त गरजेपुरते बाइट, मग गेटवेचे चार. १०.०.०.० हे आठ बिटांचं जाळं ८ आणि १० अशा दोनच बाइटांत मावतं. लांबी ३२ पेक्षा मोठी आली तर काय, शेवटचा मार्ग अर्ध्यात तुटला तर काय, लांब पर्याय आरएफसी ३३९६ प्रमाणे तुकड्यांत आला तर काय, हे सगळं तुम्हालाच ठरवायचंय. शिवाय १२१ आला की पर्याय ३ मधला राउटर दुर्लक्षित करायचा, ही अट विसरली तर मार्गांचा घोळ होतो. २०२४ मध्ये याच पर्यायाने व्हीपीएनची वाहतूक बोगद्याबाहेर वळवता येते हे टनेलव्हिजन या नावाने समोर आलं. त्यात लायब्ररीची चूक काही नाही, ती प्रोटोकॉलप्रमाणेच वागते. पण वापरणाऱ्याला 'हा पर्याय मागू नकोस' असं सांगायची सोय तुमच्या एपीआयमध्ये असली पाहिजे.

एपीआयचा विषय निघालाच आहे. लायब्ररीने स्वतः इंटरफेसवर पत्ता चढवू नये, मार्ग घालू नयेत, नेमसर्व्हरची फाइल लिहू नये. तिने फक्त कळवावं: लीज मिळाली, वाढली, गेली. पुढचं धोरण वापरणाऱ्याचं. तिने स्वतःचा थ्रेड किंवा इव्हेंट लूपही आणू नये. एक फाइल डिस्क्रिप्टर द्या, तो जागा झाला की तुमचं फंक्शन बोलावलं जाईल. लिनक्सवर नेटवर्क जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरच्या आत असलेली एन-डीएचसीपी४ ही लायब्ररी याच पद्धतीची आहे, तिचा कोड शांतपणे वाचा. पुढे जाऊन मी म्हणेन की अवस्थायंत्रणेचा (कोणत्या अवस्थेत काय पाठवायचं हे ठरवणाऱ्या भागाचा) गाभा सॉकेट आणि घड्याळ या दोन्हींपासून तोडून ठेवा. आत बाइट आणि 'आत्ताची वेळ' द्यायची, बाहेर पाठवायचे बाइट आणि 'पुढे कधी उठव' हे मिळतं. मग आठवड्याभराच्या लीजची चाचणी मिलीसेकंदांत होते. हा एक निर्णय सुरुवातीला घेतलात तर पुढची वर्षं सुखाची जातील.

पत्ता मिळाल्यावर तो आधीच कोणी वापरतंय का हे एआरपीने (स्थानिक नेटवर्कावर 'हा आयपी पत्ता कोणाचा?' असं विचारणाऱ्या प्रोटोकॉलने) तपासायचं असतं. आरएफसी ५२२७ शब्दशः पाळला तर त्यात ४ ते ७ सेकंद जातात. लोक 'नेटवर्क हळू जोडलं जातं' अशी तक्रार करतात, आणि ती रास्त आहे. हा काळ बदलता येईल असा ठेवा, तपासणी मुळातून काढू मात्र नका.

आता देखभाल, जिच्याबद्दल तुमच्या प्रश्नात एकच ओळ होती. बग रिपोर्ट बहुतेक वेळा 'पत्ता मिळत नाही' एवढाच येतो, आणि ज्या सर्व्हरशी भांडण चाललंय तो जगाच्या दुसऱ्या टोकाला असतो, तुम्हाला कधी दिसणारही नाही. म्हणून पहिला प्रश्न एकच: पोर्ट ६७ आणि ६८ चं पॅकेट कॅप्चर मिळेल का? रिपोर्टच्या साच्यातच टीसीपीडंप या कॅप्चर साधनाची आज्ञा लिहून ठेवा. आलेल्या कॅप्चरमधून मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे ओळखक्रमांक) आणि होस्टनेम पुसून, पाठवणाऱ्याची परवानगी घेऊन ते कायमच्या चाचणीत घाला. मुदतच न सांगणारे सर्व्हर, रिक्वेस्टला उत्तर म्हणून दुसरीच ऑफर पाठवणारे सर्व्हर असं सगळं भेटतं. प्रत्येकासाठी अपवाद घालायचा मोह आवरा. एखाद्या सर्व्हरची विचित्र चाल सोसल्याने बाकीच्यांचं वागणं बदलत नसेल तरच ती सोसा, आणि कोडमध्ये कारण लिहा. तीन वर्षांनी ती ओळ काढावी का, हे ठरवणारा माणूस तुम्ही नसाल.

तारेवर, म्हणजे नेटवर्कावर जाणाऱ्या पॅकेटांत, दिसणारं प्रत्येक वागणं हा तुमचा करार आहे. फंक्शनची नावं जपणं सगळ्यांना कळतं, क्लायंट आयडेंटिफायर (पर्याय ६१) जपणं कळत नाही. सर्व्हर त्यावरून यंत्र ओळखतो. आधी मॅक पत्ता पाठवत होता आणि नव्या आवृत्तीत आरएफसी ४३६१ चा डीयूआयडी (यंत्राची वेगळ्या पद्धतीने बनवलेली ओळख) पाठवू लागलात, तर अपग्रेडनंतर यंत्रांचे पत्ते बदलतील आणि राखीव पत्ते लागू होणार नाहीत. उलट बाजूने, यंत्राच्या मशीन-आयडीवरून ओळख बनवली आणि कोणी आभासी मशीनची तशीच प्रत काढली, तर दोन मशीन एकच पत्ता मागतात. दोन्ही पर्याय द्या, पण आधीपासूनचा डीफॉल्ट किरकोळ रिलीजमध्ये कधीच हलवू नका. लिनक्स वितरणांचे पॅकेजर तुमच्या शब्दावर विसंबून असतात.

लायसन्सबद्दल फार घोळू नका. छोट्या उपकरणांत स्टॅटिक लिंक करून वापरली जावी असं वाटत असेल तर परवानगीशील (कमी अटींचं) घ्या, नाहीतर एलजीपीएल चांगलं आहे. दुसऱ्या जीपीएल क्लायंटमधला कोड 'संदर्भासाठी' बघून उतरवून घेऊ नका, एवढं पथ्य पाळा. आणि डीएचसीपीव्ही६ याच कोडमध्ये कोंबू नका. तो आरएफसी ८४१५ चा वेगळा प्रोटोकॉल आहे, पोर्टही ५४६ आणि ५४७. दोघांत नावाखेरीज फारच थोडं सामायिक आहे.

नवीन लायब्ररीची गरज आहे का? आयएससी या संस्थेचा डीएचक्लायंट पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आणि २०२२ मध्ये त्याची देखभाल थांबली. त्यांच्या किया या नव्या प्रकल्पात सर्व्हर आहे, क्लायंट नाही. लिनक्सवर सीसाठी डीएचसीपीसीडी, बिझीबॉक्सचा यूडीएचसीपीसी, सिस्टिमडीचा क्लायंट आणि वर सांगितलेली एन-डीएचसीपी४ आहेत. तिथे पाचवा घालण्यापेक्षा त्यांच्यापैकी एकात चाचण्या आणि कॅप्चर दिलेत तर जास्त लोकांचं भलं होईल. तुमच्या भाषेत किंवा ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालणाऱ्या बोर्डासाठी नीट काही नसेल, तर जरूर लिहा, मला आनंदच होईल.

लिहायचं ठरलं तर क्रम असा ठेवा. आधी फक्त पार्सर, आणि त्याच दिवशी त्यावर फझर (वेडेवाकडे बाइट देऊन चुका शोधणारं साधन). मग खोट्या घड्याळावर अवस्थायंत्रणा. मग नेटवर्क नेमस्पेस आणि व्हेथ जोडीवर (लिनक्सच्या एकाच यंत्रातलं आभासी नेटवर्क) डीएनएसमास्क आणि किया हे दोन्ही सर्व्हर लावून चाचण्या, टीसीच्या नेटेमने मधली पॅकेटं गाळून. सॉकेटचा खरा कोड त्या चाचण्यांसाठी लागेल तेव्हाच लिहा, त्याआधी नाही. पहिला रिलीज काढण्यापूर्वी एक लॅपटॉप लीजपेक्षा जास्त वेळ झोपवून उठवा आणि तारेवर काय जातंय ते कॅप्चरमध्ये बघा.