आधी वस्तू, मग सुटा भाग, शेवटी धातू

आपण विचारले आहे की, घर रिकामे करताना निघालेल्या आणि परिचितांनी फुकट दिलेल्या वस्तूंचा ढीग सरसकट भंगारात घालावा की एकेक वस्तू विकावी, आणि वायर सोलून तांबे वेगळे काढण्यात काही अर्थ आहे का. हा जोडधंदा मी बरीच वर्षे करत आहे. माझा क्रम ठरलेला आहे: कोणतीही वस्तू आधी वस्तू म्हणून विकली जाते का ते पाहावे, तशी जात नसेल तर तिचे सुटे भाग विकावेत, आणि किलोचा भाव सर्वांत शेवटी विचारावा, कारण एकदा वस्तू फोडली की मागे परतता येत नाही. सुरुवातीला मी एका जुन्या शिलाई मशीनचे बिडाचे पाय लोखंडाच्या भावाने तोलून दिले होते. असे पाय टेबलासाठी लोक शोधत असतात, हे मला नंतर समजले. बंद पडलेल्या यंत्राचा रिमोट, झाकण, काचेची थाळी किंवा अ‍ॅडॉप्टर यांनाही गिऱ्हाईक असते, कारण कंपनीने ते मॉडेल बंद केलेले असले तरी घरोघरी ते चालूच असते.

वस्तूची किंमत ठरवताना इतरांनी जाहिरातीत काय मागितले आहे याकडे पाहू नये, प्रत्यक्षात ती केवढ्याला विकली गेली ते पाहावे. मागणारा काहीही मागतो. दोष असेल तर तो छायाचित्रासह आधीच सांगावा, म्हणजे परत येणाऱ्या मालाचा त्रास वाचतो.

धातूची पारख मात्र सवडीने शिकण्यासारखी आहे, कारण मिसळलेल्या ढिगाला त्यातील सर्वांत हलक्या मालाचा भाव मिळतो. पहिले साधन लोहचुंबक आणि दुसरे कानस. तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि शिसे यांना चुंबक चिकटत नाही. स्टेनलेस स्टीलबाबत सावध राहावे: निकेल असलेल्या ३०४ प्रकाराला तो सहसा चिकटत नाही, तर निकेल नसलेल्या ४३० प्रकाराला चिकटतो, आणि भाव पहिल्या प्रकाराला अधिक असतो. चकचकीत मुलामा दिलेला नळ कोपऱ्यावर कानशीने घासावा. आतून पिवळा निघाला तर पितळ, पांढरट राखाडी निघाला तर बहुधा जस्ताचे ओतकाम. विजेच्या मोटारीच्या वाइंडिंगवर, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीवर, तांबूस लाख असली तरी तार आतून अ‍ॅल्युमिनियमची असू शकते, म्हणून ती खरवडून पाहिल्याशिवाय तांबे समजू नये.

आता वायरीबद्दल. एक मीटरचा तुकडा तोलावा, सोलावा आणि उघडे तांबे पुन्हा तोलावे. समजा, १०० ग्रॅम वायरीत ५५ ग्रॅम तांबे निघाले आणि घेणारा आवरणासह वायरीला सोललेल्या तांब्याच्या निम्मा भाव देत आहे. तर सोलल्याने उत्पन्न जेमतेम १० टक्क्यांनी वाढते, आणि त्यासाठी सगळी संध्याकाळ जाते. तोच देऊ केलेला भाव कायम धरला आणि जाड केबलीत ८० ग्रॅम तांबे निघाले, तर वाढ ६० टक्के होते आणि सोलण्याचे कामही भराभर होते. म्हणून मी जाड केबल सोलतो आणि बारीक वायर तशीच देतो. वायर जाळून तांबे काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. वायरीचे पीव्हीसी प्लास्टिकचे आवरण जळताना हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो, डायॉक्सिन ही विषारी रसायनेही तयार होऊ शकतात, आणि काळवंडलेल्या तांब्याचा दर्जा उतरल्यामुळे भावही कमी मिळतो.

मायक्रोवेव्ह उघडू नये. त्यातील कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, सुमारे २००० व्होल्टवर काम करतो आणि प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा विद्युतभार शिल्लक राहू शकतो. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये काच फुटण्याचा धोका असतो, शिवाय त्या काचेत शिसे असते. फ्रीजची नळी कापू नये, कारण अनेक फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो, आणि इतर वायूही मोकळे सोडण्याजोगे नाहीत. फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या तर ढिगातून आधीच बाजूला काढून संकलन केंद्राकडे द्याव्यात; दाबल्या गेल्या की त्या पेट घेऊ शकतात.

परिचितांकडून आलेल्या प्रत्येक वस्तूची तारीख, देणाऱ्याचे नाव, आणण्याचा खर्च आणि विक्रीची रक्कम वहीत लिहावी. मालकी विचारली गेली तर ही नोंद उपयोगी पडते, आणि वाहतूक व वेळ धरता कोणत्या मालात खरोखर काही सुटते तेही तिच्यातूनच दिसते. माझ्या वहीने मला फुकटचे लाकडी फर्निचर आणणे बंद करायला लावले. ढिगात फोन किंवा संगणक असतील तर विकण्यापूर्वी त्यांवरील मूळ मालकाचे खाते त्याच्याकडूनच हटवून घ्यावे, अन्यथा फोन नव्या गिऱ्हाइकाच्या हातात कुलूपबंदच राहतो आणि पैसे परत करावे लागतात.