नसबंदी उघडण्याचं ऑपरेशन फसलं, आता मूल होण्यासाठी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की नस जोडून आठ महिने झाले, दोन्ही रिपोर्टात शुक्राणू शून्य, मिसेस ३५ वर्षांच्या, आणि पुन्हा नस जोडावी की टेस्ट ट्यूबकडे वळावं ते कळत नाही. भाऊ, मी नागपूरचाच आणि याच फेऱ्यातून गेलेला. डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

माझी नसबंदी पहिल्या लग्नात, दोन लेकरांनंतर झाली. ती बायको वारली. दुसरं लग्न झालं तेव्हा नसबंदीला १४ वर्षं होऊन गेली होती. नस जोडून घेतली. डिसेंबरच्या थंडीत नमुन्याची डबी शर्टाच्या आतल्या खिशात दाबून धंतोलीतल्या लॅबपर्यंत स्कूटर हाणायचो. डबी गार पडू द्यायची नाही आणि तासाच्या आत पोचवायची. रिपोर्टावर एकच शब्द, निल. तीनदा.

मी जे विचारलं नाही ते तुम्ही आधी विचारा. ऑपरेशनचा कागद मागा. नस उघडली तेव्हा आतून पाणी आलं का, त्यात शुक्राणू दिसले का, नस नसेलाच जोडली की थेट वृषणामागच्या गुंडाळीला? नस नसेलाच जोडली असेल तर साधारण तीन ते सहा महिन्यांत शुक्राणू दिसायला लागतात. गुंडाळीला जोडली असेल तर वर्षभरही लागू शकतं. दुसरं ऑपरेशन करण्यात अर्थ आहे का, हे या कागदावरून बरंच ठरतं. ते करायचंच तर मायक्रोस्कोपखाली नियमित नस जोडणाऱ्याकडेच.

पण खरं घड्याळ तुमच्या नसेचं नाही, मिसेसच्या वयाचं आहे. पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि दर्जा दोन्ही भराभर उतरतात. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा वाट पाहणं, यात दीड वर्ष सहज जातं. म्हणून आधी त्यांची एएमएच तपासणी (बीजांचा साठा किती उरला याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी करून घ्या. आमच्या घरी तो रिपोर्ट आला अन् पुन्हा ऑपरेशन की टेस्ट ट्यूब हा वाद मिटला, टेस्ट ट्यूबच ठरलं.

विहिरीत पाणी असतं, पाट बुजलेला असतो, असं समजा. शुक्राणू वृषणात तयार होतच असतात. ते सुईने काढतात, पेसा किंवा टेसा म्हणतात त्याला. जागा बधिर करून अर्ध्या तासात झालं. मी टेबलावर, बाजूच्या खोलीत मायक्रोस्कोपवर एक मुलगी, खिडकीतून तिचा आवाज आला, "सर, मिळाले." डोळ्यांत पाणीच आलं. असे काढलेले शुक्राणू थोडे आणि मंद असतात, त्यामुळे इक्सी करतात, एका बीजात एकच शुक्राणू सुईने सोडतात. उरलेले गोठवून ठेवायला सांगा, म्हणजे पुन्हा टोचून घ्यावं लागत नाही.

तुमचा त्रास एका दिवसाचा, त्यांचा दहा-बारा दिवसांचा. रोज पोटात इंजेक्शन. आमचं मे महिन्यात चाललं होतं, पंचेचाळीसच्या उन्हात ती इंजेक्शनं बर्फाच्या थर्मासातून आणायचो. पहिल्यांदा गर्भ टिकला नाही. गोठवलेला दुसरा गर्भ सोडला, तो टिकला.

एका दवाखान्याने आम्हाला आधी आययूआय, म्हणजे नवऱ्याचे शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडणं, सुचवलं होतं. शून्य शुक्राणूंवर आययूआय कसलं करता राजा? काढे-चूर्णांचंही तेच, पाट बुजलेला असताना औषध काय करणार.

दात्याचे शुक्राणू हाही मार्ग आहे, आणि स्वस्त. मात्र या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानुसार ते नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावे लागतात, ओळखीतला माणूस चालत नाही. मूल कायद्याने तुमचंच. या उपचारांना वयाची हद्दही आहे, बाईला ५० आणि पुरुषाला ५५.

दत्तकाचं आम्ही पाहिलं होतं. आधीची दोन मुलं असली की २०२२ च्या नियमांनुसार फक्त विशेष गरजा असलेलं किंवा ज्याला घर मिळणं अवघड जातं असं मूलच मिळू शकतं. तुम्हाला आधीची किती, ते लिहिलं नाहीत.

आणि धंतोलीत गाडी नेऊ नका, ऑटोने जा. लावायला जागा शोधता शोधता नंबर निघून जातो.