धार की फवारा?

हे बघ, आगीवर पडलेलं पाणी मुख्यतः तिची उष्णता पितं. लिटरभर पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला साधारण ३३५ किलोज्यूल लागतात, पण त्याची वाफ व्हायला आणखी सुमारे २,२६०! म्हणून जवळून मारताना नोजल, म्हणजे पाइपचं तोंड, फवाऱ्यावर ठेव. थेंब बारीक असले की वाफ पटकन होते. जमिनीवरून वाहून गेलेलं पाणी फुकट गेलं समज. लांबून मात्र धारच हवी. वाफ जवळपास १,७०० पट फुगते, हवा बाजूला सारते, आणि तुलाही भाजते, तेव्हा वाकून राहा. तुर्भे-रबाळेच्या एमआयडीसीतून कॉल आला तर आधी विचार, आत काय साठवलंय? सोडियमवर पाणी पडलं की हायड्रोजन सुटतो, भडका उडतो. पेटलेल्या तेलावर धार तर नकोच, फोम, म्हणजे आग झाकणारा फेस, माग.