दूध झालेलं इंजिन ऑइल उकळून परत घालायचं का?

प्रश्न (चौघे मित्र, भांडुप): काका, आम्ही एक जुनी 1.5 लिटरची सेदान घेतली, टर्बो लावला आणि आता मेथेनॉलवर चालवतोय, फक्त ड्रॅगसाठी (सरळ पट्टीवरची छोटी शर्यत), रस्त्यावर काढत नाही. मागच्या वेळी लोणावळ्याकडे धावपट्टीवर चार रन मारले, घरी येऊन ऑइल काढलं तर अक्षरशः कटिंग चहा, वर फेस. गेजवर लेव्हल पण भरली होती त्याच्या वर गेलेली. ऑइल फुल सिंथेटिक, महागातलं, चार लिटर. दर वेळी फेकायचं म्हणजे जीवावर येतं. कोणी म्हणतं उकळा आणि परत वापरा, कोणी म्हणतं साधं घाला आणि फेकून द्या. नक्की काय करू?

उत्तर: पोरांनो, आधी एक सांगतो, ऑइल चहासारखं झालं म्हणजे हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील) गेलं असं धरून इंजिन खोलायला बसू नका. कूलंट जागच्या जागी आहे ना बघा, असेल तर ते मेथेनॉलच आहे. आणि लेव्हल वर चढली म्हणजे त्यात काहीतरी मिसळलंय हे नक्की, ऑइल काय आपोआप वाढत नाही.

हे होतं का ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पेट्रोलला एक किलोला साधारण 14.7 किलो हवा लागते, मेथेनॉलला फक्त 6.4, म्हणजे तेवढ्याच हवेत तुम्ही दुपटीपेक्षा जास्त इंधन ओतताय, आणि टर्बोवर सगळे त्याहून रिचच (हवेच्या मानाने इंधन जास्त) चालवतात. त्यात मेथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या तिप्पट उष्णता लागते, त्यामुळे सिलिंडर थंड पडतो, म्हणून तर टर्बोवाले त्याच्या प्रेमात असतात. पण थंड सिलिंडरमधे न जळलेलं इंधन भिंतीवरून पिस्टनच्या रिंगच्या फटीतून खाली चेंबरमधे (इंजिनाच्या तळाशी जिथे ऑइल साठतं) उतरतं. रोजच्या गाडीत ऑइल तापतं आणि ते उडून जातं, मेथेनॉल 65 डिग्रीलाच उकळतं. तुमचा रन किती, दहा-बारा सेकंद? चार रन मिळून फुल थ्रॉटलचं एक मिनिट पण होत नाही. ऑइल तापायलाच वेळ मिळत नाही.

म्हणून खरा उपाय ऑइलच्या डब्यात नाही, तो आधी आहे. रनच्या आधी ऑइल गरम करा. चेंबरला चिकटवायचं हीटर पॅड मिळतं, ते लावून 80 डिग्रीच्या आसपास आणा, मग स्टार्ट करा. थंड इंजिन मेथेनॉलवर उगाच घुर्र घुर्र करत उभं ठेवू नका, सगळ्यात जास्त मेथेनॉल तेव्हाच खाली जातं. ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) मोठा ठेवा म्हणजे वाफेला बाहेर जायला वाट मिळेल. लाइनीत उभं असताना ऑइल भरायचं झाकण काढून बघा, तिथून गरम वाफ येते आणि नाकाला झोंबते (तोंड जवळ नेऊ नका, हे विष आहे).

आता उकळण्याचं. हे मी पोटतिडकीने सांगतोय कारण माझ्यासमोर झालंय. कुर्ल्याला एका गॅरेजात काढलेलं ऑइल पातेल्यात घालून स्टोव्हवर ठेवलं होतं, दुपारची वेळ, शटर अर्धं वर. मी ढवळायला हात पुढे केला आणि मला काहीच दिसलं नाही, फक्त मनगटावरचे केस करपल्याचा वास आला. मेथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसतच नाही, पातेल्याच्या तोंडाशी ती पेटलेली होती आणि आम्ही तिघं बघत उभे. ओलं गोणपाट टाकून विझवलं, हात महिनाभर पट्टीत. मेथेनॉलची वाफ 11-12 डिग्रीलाच पेटू शकते, मुंबईत तर ते बाराही महिने पेटायला तयारच असतं. तेव्हा स्टोव्ह, गॅस, हीट गन, काहीच नाही. घरात तर नाहीच नाही.

आणि समजा सगळं सांभाळून तापवलंत, मेथेनॉल 65 ला गेलं, पाणी 100 च्या वर गेलं, ऑइल परत सोनेरी दिसायला लागलं. फसू नका. मेथेनॉल जळताना थोडं फॉर्मिक ऍसिड तयार होतं, ते ऑइलमधे उतरतं, आणि ऑइलमधली ऍसिड मारायची जी ताकद असते ती त्यातच खर्च होते. ती तापवून परत येत नाही. त्या गॅरेजातलीच गोष्ट, त्यांनी असंच ऑइल तीन वेळा फिरवलं होतं. मग इंजिन खोललं तेव्हा मी एक बेअरिंग ट्यूबलाइटखाली धरलं, राखाडी थर मधोमध गेलेला आणि खालून तांबं चमकत होतं, गुळगुळीत, जणू पॉलिश केल्यासारखं. वाचवलेल्या ऑइलच्या कितीतरी पट पैसे क्रँक ग्राइंडिंगला गेले.

मग परत वापरायचंच नाही का? वापरा, पण त्याच दिवशी आणि इंजिनातच. दोन रनमधे इंजिन गरम ठेवा, रन झाला की लगेच चेंबरच्या ड्रेन नटातून कपभर ऑइल पारदर्शक बाटलीत काढा. फिकट धुकं असेल तर चालतं, पुढचा रन मारा. चहा असेल तर तिथेच बदला. बाटली रात्रभर ठेवलीत तर थर सुटतात, आणि इथे गंमत आहे, निव्वळ मेथेनॉल ऑइलपेक्षा हलकं म्हणून वर येतं, पण पाणी बरंच मिसळलेलं असेल तर तेच जड होऊन तळाला बसतं. तळाला थर दिसला की समजा त्यात पाणी बरंच आहे. मग तुमचा मेथेनॉलचा कॅन बघा. ते हवेतलं पाणी ओढतं, जुलैमधे भांडुपला अर्धा भरलेला कॅन सैल झाकणाने ठेवलात तर काय होणार! दिवस संपला की ऑइल गरम असतानाच काढा, फिल्टर कापून कागद उलगडा, चमचमणारा कण दिसला तर पुढच्या वेळी जायच्या आधी बेअरिंग बघा.

कोणतं घालायचं तर माझं मत सरळ आहे. जे दर वेळी फेकायचंय ते महाग नको. चांगल्या कंपनीचं साधं मिनरल 20डब्ल्यू50 घ्या आणि मनावर दगड न ठेवता बदला. महागडं सिंथेटिक घेऊन ते वाचवायला बघणं हाच तुमचा घोटाळा झालाय. काही सिंथेटिक एस्टरवर बनतात आणि एस्टर पाणी धरतं, ते तर मेथेनॉलच्या गाडीत मला अजिबात पटत नाही. अमेरिकेत सुपरचार्जरवाले मोठे व्ही-8 मेथेनॉलवर 50, 60, 70 नंबरचं जाड ऑइल घालतात ते वाचून तुम्ही घालू नका, त्यांची बेअरिंगची फट मोठी ठेवलेली असते. जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमधे फिरणारा भाग) दर इंचाला एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, फट हा जुना हिशोब, तुमचं कंपनीचं इंजिन त्याच्याही आत असतं. फट वाढवली नसेल तर 70 नंबर तिथे पोचणारच नाही. रॉकर थेट कॅमवर घासत असतील तर झिंक जास्त असलेलं ऑइल बघा. डिझेलचं ऑइल घालतात काहीजण, त्यातलं डिटर्जंट ऍसिड चांगलं मारतं पण पाणीही धरून ठेवतं, मी घालत नाही.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, ते मिठीत आणि खाडीतच जातं. कॅनमधे भरून जळकं ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकालाच द्या, आणि त्यात मेथेनॉल आहे हे त्याला सांगा. मेथेनॉलच्या कॅनवर मराठीत मोठं "विष" लिहा. 2015 च्या जूनमधे मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरच्या वर माणसं गेली ती याच मेथेनॉलमुळे, शेजारच्या पोराने पाणी समजून तोंडाला लावलं तर? घेताना पण लायसन असलेल्या डीलरकडूनच घ्या.

प्रश्न (वाचक, गिरगाव): आमचे आजोबा म्हणतात पूर्वी रेसवाले एरंडेल तेल घालायचे, मेथेनॉलला तेच बरं. खरं आहे?

उत्तर: आजोबा अर्धे बरोबर आहेत, पूर्वी घालायचे हे खरं, पण तुमच्या कारला ते बरं नाही. कॅस्ट्रॉल हे नाव सुद्धा एरंडेलावरूनच, कॅस्टर ऑइलवरून आलंय. एरंडेल मेथेनॉलमधे विरघळतं, मिनरल ऑइल विरघळत नाही, म्हणून मेथेनॉलवरच्या मॉडेल विमानांच्या इंजिनात ते इंधनातच मिसळतात. पण तिथे ते जळून बाहेर जातं. कारमधे ते चेंबरमधेच फिरतं, मेथेनॉल त्यात विरघळून बसतं आणि ऑइल पातळ होतं, थर सुटत नाही म्हणून बाटलीत कळत पण नाही. शिवाय तापलं की चिकट राळ होऊन रिंगा अडकतात. मिनरल ऑइलमधे तर मिसळूच नका.

प्रश्न (वाचक, दादर): हल्ली सगळीकडे ई-20 पेट्रोल. माझ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय आली, इथेनॉलने ऑइल दूध झालं का?

उत्तर: नाही हो ताई. गाडी दादर ते परळ एवढीच चालते ना? एवढ्यात ऑइल नीट तापत नाही, पेट्रोल जळताना झालेली आणि दमट हवेतली पाण्याची वाफ झाकणाला थंडावते आणि साय धरते, पावसाळ्यात तर हमखास. ई-20 मधे इथेनॉल 20 टक्केच असतं आणि गरम इंजिनात 78 डिग्रीला उडून जातं. आठवड्यातून एकदा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ठाण्यापर्यंत जाऊन या, साय पुसून टाका. पण गेजच्या पट्टीवरचं ऑइल पण पांढरं असेल आणि कूलंटची लेव्हल खाली जात असेल, तर गाडी चालवू नका, उचलून गॅरेजला न्या.