गोळ्या तुझ्या नावावर कशाला?

पत्र: ताई, माझा नवरा हवाई दलात आहे, लोहगावला, सुखोईच्या मागच्या सीटवर. हल्ली फ्लाइंग करून आला की धड बोलत नाही, नुसता चिडतो. सासूबाई म्हणतात, त्याच्या डोक्याला ताप देऊ नकोस. त्याची मान दुखते, म्हणून मी माझी पाठ दुखतेय असं डॉक्टरांना सांगून गोळ्या आणते. त्या घेऊन तो झोपून जातो. आमच्यात संवादच उरला नाही. काय करू?

उत्तर: संवादाचं नंतर बघू. गोळ्या तुझ्या नावावर कशाला येतात? स्क्वाड्रनच्या डॉक्टरला कळलं तर कॅटेगरी, म्हणजे वैद्यकीय श्रेणी, उतरेल, फ्लाइंग थांबेल, म्हणूनच ना?

अगं, सुखोई कडक वळला की अंगावर आठ-नऊ जीपर्यंत, म्हणजे वजनाच्या आठ-नऊ पट, भार येतो. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो धर, म्हणजे मानेवर पन्नास किलोच्या वर गेलं. पुढच्या सीटवरच्या पायलटच्या हातात विमान वळवायची स्टिक असते, वळण कधी येणार ते त्याला ठाऊक असतं. तुझा नवरा नेमका तेव्हा स्क्रीनवर वाकलेला असतो, नाहीतर मान वळवून मागे बघत असतो. इतकं सोसून घरी आलेला माणूस गप्पा मारत नाही म्हणून तू रुसली आहेस!

पण माझा खरा राग त्या गोळ्यांवर आहे. पाठीसाठी देतात त्यांत बऱ्याचदा स्नायू सैल करणारं औषध असतं आणि त्याने गुंगी येते. जी चढतात तेव्हा पाय आणि पोट आवळून धरावं लागतं, नाहीतर मेंदूकडचं रक्त उतरतं आणि शुद्ध हरपते. अशा माणसाला तू डॉक्टरच्या नकळत असलं औषध देतेस? पुढच्या सीटवरच्यालाही घरदार आहे. आणि इजेक्ट व्हायची, म्हणजे सीटसकट विमानाबाहेर फेकलं जायची, वेळ आली तर त्या दुखऱ्या मानेचं काय होईल?

सासूबाईंचं ऐकू नकोस. आज रात्रीच त्याला सांग, "यापुढे एक गोळी आणणार नाही. उद्या ब्रीफिंगच्या आधी डॉककडे जायचं. तू गेला नाहीस तर मी फोन करेन." तो भडकेल, अबोला धरेल. धरू दे. बहुतेकदा कॅटेगरी तात्पुरती उतरते, फिजिओथेरपी होते आणि माणूस पुन्हा उडतो. दुखणं दडवत राहिला तर मात्र मान कायमची जाऊ शकते.

जाताना गोळ्यांची पाकिटं त्याच्या खिशात घाल. पोटात काय काय गेलंय ते डॉकला दिसलं पाहिजे.